‘ते तर सगळेच म्हणतात’: जैविक अस्त्रांच्या शंभर वर्षांची पार्श्वभूमी

पाषाणहून सूस रस्त्याने जाताना राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं, म्हणजे एनआयव्हीचं आवार लागतं. देशातली पहिली सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा, बीएसएल-४, तिथेच आहे. करोनाची दुसरी लाट ओसरल्यानंतर एकदा रिक्षाने तिकडून चाललो होतो. रिक्षावाले काका आरशातून बघत म्हणाले, “साहेब, सगळे व्हायरस इथेच ठेवलेत ना? उद्या कुणी भांडण काढलं तर आपल्याकडे पण माल आहे म्हणायचा.” आवाजात भीती कमी, अभिमानच जास्त. मी म्हटलं, “काका, ते निदानासाठी आणि लशीसाठी ठेवतात.” ते हसले. “ते तर सगळेच म्हणतात.”

या चार शब्दांना माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. कारण काका बरोबर होते. जैविक अस्त्रं बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक देशाने हेच सांगितलं आहे: आम्ही लस बनवतोय, आम्ही पाणी शुद्ध करतोय, आम्ही गुरांचं खाद्य करतोय. ही सगळी कामं खरोखरच करणाऱ्या हजारो प्रयोगशाळाही जगात आहेत, आणि त्यांची यंत्रंही तीच असतात. अणुबॉम्बला समृद्ध युरेनियम लागतं, ते लपवणं अवघड. जंतूंचं तसं नाही. ज्या टाकीत लशीसाठी जिवाणू वाढवतात तिच्यातच दुसरंही काही वाढवता येतं. फरक टाकीत नसतो, हेतूत असतो, आणि हेतूची तपासणी कुठल्या यंत्राने होत नाही.

मग आजवर जे कार्यक्रम उघडे पडले, ते कशामुळे? जैविक अस्त्रांच्या प्रसाराला आळा घालू पाहणारे अभ्यासक हा जुना इतिहास पुन्हा पुन्हा उपसतात, तो याच प्रश्नासाठी.

सुरुवात आपल्याकडच्या एका खुनापासून करू. २६ नोव्हेंबर १९३३. हावडा स्टेशनच्या गर्दीत पाकूरच्या जमीनदार घराण्यातला तरुण अमरेंद्र पांडे गाडी पकडायला निघाला होता. एक माणूस धक्का देऊन गेला आणि दंडाला काहीतरी टोचल्यासारखं वाटलं. घरच्यांनी थांब म्हणून सांगितलं, पण तो गेलाच. काही दिवसांत तापाने फणफणून कलकत्त्याला परतला आणि ४ डिसेंबरला वारला. त्याच्या रक्ताची तपासणी आधीच सुरू होती. निकाल मृत्यूनंतर आला: प्लेग.

कलकत्त्यात तेव्हा प्लेग नव्हता. मग तो आला कुठून? तपासाचा धागा थेट मुंबईला पोचला. अमरेंद्रचा सावत्र भाऊ बिनयेंद्र याचा मालमत्तेवर डोळा होता, आणि त्याच्या मदतीला तारानाथ भट्टाचार्य नावाचा डॉक्टर होता. प्लेगचे जिवंत जंतू मिळवायला तारानाथने आधी परळच्या हाफकिन संस्थेकडे विचारणा केली. संस्थेने कळवलं, बंगालच्या सर्जन जनरलचं परवानगीपत्र आणा. ते मिळणं शक्य नव्हतं. मग ओळखी काढून, संशोधन करायचंय असं सांगून, दोघांनी मुंबईतल्या ऑर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात शिरकाव करून घेतला. तारानाथने तिथे उंदरांवर प्रयोगही केले. खटल्यात दोघांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने १९३६ मध्ये ती जन्मठेपेवर आणली.

जैविक हत्याराने केलेल्या खुनाचं हे जगातलं एक अगदी सुरुवातीचं, कोर्टात सिद्ध झालेलं उदाहरण. मला त्यात सगळ्यात जास्त खिळवून ठेवतं ते हाफकिनचं उत्तर. त्या कारकुनी पत्राने खून टळला नाही हे खरं. पण ‘हे कुणाला हवंय, कशाला हवंय, कुणाच्या जबाबदारीवर’ हे तीन प्रश्न एका संस्थेने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी विचारले होते, आणि दुसऱ्या संस्थेने ओळखीवर दार उघडलं. पुढे महासत्तांच्या गोष्टीतही हाच फरक पुन्हा पुन्हा दिसतो.

या विषयावर लिहिताना क्रिमियातल्या काफा शहराच्या १३४६ च्या वेढ्यापासून सुरुवात करायची प्रथा आहे. तार्तारांनी म्हणे प्लेगने मेलेल्यांची प्रेतं गोफणयंत्रांनी तटावरून आत फेकली. तो वृत्तांत लिहिणारा बहुधा तिथे हजर नव्हता, आणि उंदीर-पिसवा असताना प्लेगला प्रेतांच्या मदतीची गरजही नसते. १७६३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या फोर्ट पिट किल्ल्यातल्या इंग्रजांनी तिथल्या मूळ रहिवाशांना देवीच्या रुग्णालयातली पांघरुणं दिली, त्याचे मात्र लेखी पुरावे आहेत. पण खरा ‘कार्यक्रम’, म्हणजे सरकारी पैसा, शास्त्रज्ञ, प्रयोगशाळा आणि गुप्तता हे सगळं एकत्र, तो विसाव्या शतकातलाच. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या हेरांनी दोस्तांच्या घोड्या-खेचरांना ग्लँडर्स आणि अँथ्रॅक्सची लागण करायचा उद्योग केला. अँथ्रॅक्स म्हणजे आपले शेतकरी ज्याला काळपुळी किंवा फाशी म्हणतात तोच. अँटन डिल्गर हा डॉक्टर त्यासाठी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ एका घराच्या तळघरात जंतू वाढवत होता.

त्या युद्धातल्या विषारी वायूंनी जग हादरलं, आणि १७ जून १९२५ रोजी जिनिव्हात एका करारावर सह्या झाल्या. वायूंबरोबर त्यात जंतूंचाही उल्लेख पोलंडच्या आग्रहाने आला. हा करार वापरावर बंदी घालत होता. बनवण्यावर नाही, साठवण्यावरही नाही. शिवाय अनेक देशांनी सही करताना पुस्ती जोडली: आमच्यावर कुणी वापरलं तर आम्हीही वापरू.

शिरो इशी या जपानी लष्करी डॉक्टरने या कराराचा काढलेला अर्थ विलक्षण होता. ज्या गोष्टीवर जगाने बंदी घातली ती नक्कीच प्रभावी असणार, असं त्याने वरिष्ठांना पटवलं. बंदीचाच जाहिरातीसारखा उपयोग झाला! मांचुरियात हार्बिनजवळ पिंगफांगला युनिट ७३१ उभं राहिलं. बाहेर त्याचं नाव होतं साथनियंत्रण आणि पाणीशुद्धीकरण विभाग. इशीने बनवलेला पाणी गाळायचा फिल्टर खरोखरच चांगला होता, सैन्य तो वापरत होतं. म्हणजे पाटी सपशेल खोटी नव्हती, अर्धवट खरी होती. आत कैद्यांवर प्लेग, पटकी, अँथ्रॅक्सचे प्रयोग चालत. कैद्यांना ‘मारुता’ म्हणत, म्हणजे ओंडके. आसपासच्या लोकांना तिथे लाकडाची वखार आहे असं सांगितलेलं, त्यावरून आलेला हा विनोद. किमान ३,००० माणसं तिथे मेली असं मानतात. त्याखेरीज ऑक्टोबर १९४० मध्ये निंगबो आणि नोव्हेंबर १९४१ मध्ये चांगदे या चिनी शहरांवर विमानांतून प्लेगच्या पिसवा टाकल्या गेल्या.

प्रसार रोखण्याच्या दृष्टीने त्याहून जास्त बोचते ती १९४५ नंतरची गोष्ट. अमेरिकेने इशी आणि त्याच्या सहकाऱ्यांना खटल्यापासून अभय दिलं आणि बदल्यात त्यांच्या प्रयोगांची माहिती घेतली. सोव्हिएत संघाने १९४९ च्या डिसेंबरात खाबारोव्स्कला १२ जपानी लष्करी माणसांवर खटला चालवला. पाश्चात्त्य देशांनी तो प्रचार म्हणून झटकून टाकला. अभयदानाची कागदपत्रं उजेडात यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं, आणि टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने चीनमधला वापर मान्य केला तो २००२ मध्ये, तोही भरपाई नाकारताना. इशी १९५९ मध्ये कर्करोगाने गेला. शिक्षा झाली नाहीच, पण त्याहून वाईट म्हणजे माणसं मारून मिळवलेली माहिती ही देवाणघेवाणीची वस्तू ठरली.

ब्रिटनचा कार्यक्रम भीतीतून जन्मला. जर्मनी जंतुयुद्धाची तयारी करतोय अशी लंडनची खात्री होती. १९४२ मध्ये पोर्टन डाउन या लष्करी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळचं ग्रुइनार्ड हे छोटं बेट घेतलं, तिथे मेंढ्या बांधल्या आणि अँथ्रॅक्सचे बॉम्ब फोडले. मेंढ्या काही दिवसांत मेल्या. बेटाची माती मात्र ४८ वर्षं मोकळी झाली नाही. किनाऱ्यावर धोक्याच्या पाट्या लागल्या. १९८१ मध्ये काही निनावी लोकांनी बेटावरची माती पोर्टन डाउनच्या दारात आणून टाकली, ‘तुमचं तुम्ही घ्या’ अशा थाटात. १९८६ मध्ये २८० टन फॉर्माल्डिहाइड समुद्राच्या पाण्यात मिसळून बेटावर मारलं गेलं. मग तिथे पुन्हा मेंढ्या सोडल्या. त्या जगल्या, तेव्हा २४ एप्रिल १९९० रोजी एका मंत्र्याने जाऊन पाटी काढली.

आणि ज्या जर्मनीच्या भीतीने हे सगळं केलं? युद्धानंतर दोस्तांच्या पथकांनी शोधलं तर हल्ल्यासाठीचा मोठा जर्मन कार्यक्रम सापडलाच नाही. हिटलरनेच हल्ल्यासाठीच्या संशोधनाला मनाई केली होती. ज्याने माणसं वायूच्या कोठड्यांत घातली त्याने जंतू का टाळले याची उत्तरं निरनिराळी दिली जातात. आपल्या कामाचा मुद्दा वेगळा आहे. समोरच्याकडे आहे या समजुतीवर ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिका या तिघांनी आपापले कार्यक्रम उभे केले. अमेरिकेचा कार्यक्रम कॅम्प डेट्रिक या लष्करी तळावर १९४३ मध्ये सुरू झाला तो युद्ध संपल्यावरही पाव शतक चालला.

तो बंद झाला २५ नोव्हेंबर १९६९ रोजी. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एकतर्फी जाहीर केलं की अमेरिका जैविक अस्त्रं सोडून देत आहे, साठे नष्ट करणार आहे. त्यामागे भूतदया किती आणि हिशेब किती हे ज्याचं त्याने ठरवावं. अमेरिकेकडे अणुबॉम्ब होतेच. उलट जैविक अस्त्र स्वस्त. ते चालतं हे जगाला दाखवून देणं म्हणजे गरीब देशांच्या हाती मोठं शस्त्र देणं. सल्लागारांत हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांचा आवाज महत्त्वाचा होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

या निर्णयाच्या जोरावर जैविक अस्त्रबंदी करार झाला. १० एप्रिल १९७२ रोजी तो सह्यांसाठी खुला झाला आणि २६ मार्च १९७५ पासून लागू. भारताने १९७३ मध्ये सही केली, १९७४ मध्ये मान्यता दिली. विकसन, उत्पादन, साठा या सगळ्यांवर बंदी. अस्त्रांचा एक संपूर्ण वर्गच बाद करणारा हा पहिला करार. फक्त एक गोष्ट राहिली: तपासणी. रासायनिक अस्त्रांच्या करारासाठी हेगला निरीक्षकांची आख्खी संस्था आहे. जैविक करारासाठी जिनिव्हात बोटांवर मोजता येतील इतक्या लोकांचं कार्यालय आहे.

कराराची मूळ प्रत सांभाळणारे देश तीन: अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ. त्यातल्या तिसऱ्याने सही करतानाच जगातला सर्वात मोठा जैविक अस्त्रांचा कार्यक्रम उभारायला घेतला होता. नाव बायोप्रेपरात, वरून नागरी औषध उद्योग. अमेरिकेने खरोखरच कार्यक्रम बंद केलाय यावर मॉस्कोचा विश्वास नव्हता. ते तर सगळेच म्हणतात!

या कार्यक्रमातून फुटून १९९२ मध्ये अमेरिकेत गेलेल्या केन अलिबेक यांनी नंतर लिहिलं की सोव्हिएत देवीच्या अस्त्रासाठी निवडलेला विषाणू भारतातून आणलेला होता, आणि त्याला नावही भारत-१९६७ असंच होतं. इथे जरा थांबायला हवं. जगातून देवी हटवायचा प्रस्ताव १९५८ मध्ये मांडला तो सोव्हिएत संघानेच. भारतात देवीची लस टोचली गेली तिच्यात सोव्हिएत देणगीचा वाटा मोठा होता. आमच्या पिढीच्या आई-वडिलांच्या दंडावर देवीचे जे वण आहेत त्यातले कितीतरी त्या लशीचे असतील. एकाच राज्याचा एक हात आपल्याकडे लस पाठवत होता आणि दुसरा हात आपल्याकडचाच विषाणू टाकीत वाढवत होता. दोन्ही हातांची माणसं बहुतेक एकमेकांना ओळखत नसावीत.

हा कार्यक्रम पहिल्यांदा फुटला तो स्वेर्डलोव्हस्क शहरात. एप्रिल १९७९ मध्ये तिथे माणसं भराभर दगावू लागली. सरकारी उत्तर आलं: काळ्या बाजारातलं दूषित मांस खाल्लं, आतड्याचा अँथ्रॅक्स झाला. तिथल्या रुग्णालयात शवविच्छेदन करणाऱ्या फाइना अब्रामोवा यांना एका मृताच्या मेंदूवरचं आवरण रक्ताने लालभडक दिसलं, टोपी घातल्यासारखं. अँथ्रॅक्स त्यांनी ओळखला. पुढच्या शवविच्छेदनांत छातीतल्या गाठी कुजलेल्या दिसू लागल्या, म्हणजे जंतू श्वासातून गेला असणार. केजीबीने रुग्णालयातली कागदपत्रं उचलून नेली. पण अब्रामोवा आणि त्यांचे सहकारी लेव ग्रिनबर्ग यांनी ऊतींचे नमुने बरण्यांत आणि मेणाच्या ठोकळ्यांत जपून ठेवले, टिपणं लपवली. थोडीथोडकी नाही, तेरा वर्षं.

आता मेसेल्सन पुन्हा येतात. १९८० च्या दशकात सोव्हिएत डॉक्टरांनी मांसाची कथा सादर केली तेव्हा त्यांना ती पटण्यासारखी वाटली होती. ज्या कराराचा पाया घालण्यात आपला हात आहे तो कुणी असा तुडवेल हे स्वीकारणं सोपं नसावं. १९९२ मध्ये बोरिस येल्त्सिन यांनी कबूल केलं की साथीचं कारण लष्करी होतं. अपघाताच्या वेळी त्या भागाचे पक्षप्रमुख हेच येल्त्सिन होते. कबुलीनंतर मेसेल्सन स्वतः पथक घेऊन तिथे गेले. पथकातल्या समाजशास्त्रज्ञ जीन गिलमिन यांनी मृतांच्या घरोघरी जाऊन एकच गोष्ट बारकाईने विचारली: २ एप्रिलला, सोमवारी, दिवसा तुमचा माणूस कुठे होता? कब्रस्तानातल्या शिळांवरची नावं आणि तारखा जुळवल्या. उत्तरं नकाशावर टिंबांसारखी मांडली तर त्यांची एक निमुळती पट्टी तयार झाली. तिचं टोक लष्कराच्या कंपाउंड १९ वर होतं आणि दिशा त्या दिवशीच्या वाऱ्याची. पट्टीत चिनीमातीचा कारखाना होता, तिथले कामगार गेले होते. पुढे त्याच रेषेत ५० किलोमीटरपर्यंतच्या गावांत मेंढ्या-गायी मेल्या होत्या. किमान ६६ माणसांचा बळी. विटाळलेलं मांस वाऱ्याच्या दिशेने विकलं जात नाही.

मेसेल्सन यांनी आपलंच जुनं मत असं मोडीत काढलं, आणि तेही छापून. कुठला उपग्रह नाही, गुप्तहेर नाही. दोन डॉक्टरांच्या बरण्या, विधवांच्या आठवणी आणि हवामान खात्याची नोंद.

इराकची गोष्ट तर सरळसरळ हिशेबाच्या वहीची आहे. १९९१ च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तिथे चार वर्षं शोधत होते. इराक म्हणत होता, जैविक अस्त्रं कधी बनवलीच नाहीत. मग निरीक्षकांनी उलट टोकाकडून सुरुवात केली: परदेशी पुरवठादारांनी इराकला काय विकलं? जिवाणू वाढवायचं खाद्य, ज्याला प्रयोगशाळेत नुसतं ‘मीडिया’ म्हणतात, ते एका वर्षात सुमारे ३९ टन आयात झालेलं दिसलं. इराकने सांगितलं, रुग्णालयांतल्या तपासण्यांसाठी. आता पुण्यातल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या कपाटात डोकावून बघा, मीडियाच्या बाटल्या अर्धा किलोच्या असतात. एकदा उघडली की ती भुकटी ओल धरते, टिकत नाही. इराकने मागवलेली पिंपं २५ ते १०० किलोंची होती. एक चमचा हळदीसाठी पोतं फोडणारी गृहिणी कुणी पाहिलीय? साधारण १७ टनांचा हिशेब लागेना. जुलै १९९५ मध्ये इराकने उत्पादनाची कबुली दिली. ऑगस्टमध्ये सद्दामचा जावई हुसेन कामेल जॉर्डनला पळाला आणि त्यानंतर कागदपत्रांचे ढीग बाहेर आले. गुरांच्या खाद्याचा कारखाना म्हणून दाखवलेला अल हकम हाच मुख्य कारखाना होता. १९९६ मध्ये तो पाडला.

पण हीच गोष्ट इथे थांबवून टाळ्या वाजवणं लबाडीचं ठरेल. जुन्या हिशेबातल्या याच त्रुटी २००३ मध्ये युद्धाच्या समर्थनार्थ पुढे केल्या गेल्या: साठा सापडत नाही, म्हणजे लपवलाय. युद्धानंतर कसून शोध झाला. साठे नव्हते. वहीत नोंद नसणं हा प्रश्न विचारण्याचा आधार आहे, उत्तर नाही. निरीक्षकांना आणखी काही महिने दिले असते तर ते कागदावरच कळलं असतं.

संशयाने आपलंही नुकसान केलंय, आणि त्यात पुण्याचं नाव आहे. १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढलं, तीच आजची एनआयव्ही. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसं तापाने आजारी पडली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी गोचिडीतून पसरणारा नवा विषाणू शोधला. आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे अलीकडे आलेला माकडताप तो हाच. या विषाणूचे जवळचे भाईबंद रशियात सैबेरियाकडे सापडत. मग तो स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून आला असेल का, असा रास्त प्रश्न निघाला. सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांच्या पायात कड्या घालू लागली. पण त्या कामाला पैसा पुरवणाऱ्यांत अमेरिकी लष्कर होतं.

त्याच सुमारास दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेचा डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प चालू होता, पैसा पुन्हा अमेरिकेचा. प्रकल्पात पीतज्वर पसरवणाऱ्या एडिस डासावर काम होतं, आणि पीतज्वर तर भारतात नाहीच. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात वृत्तपत्रांत आणि संसदेत प्रश्न उठले: ही जंतुयुद्धाची चाचपणी तर नाही? संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ मध्ये परदेशी सहकार्याच्या संशोधनांवर आपला १६७ वा अहवाल दिला, पक्ष्यांपासून डासांपर्यंत. सोनीपतला डास सोडायचा प्रयोग ऐनवेळी रद्द झाला, प्रकल्प गुंडाळला गेला.

तो जंतुयुद्धाचा डाव होता असं सिद्ध झालं नाही. शास्त्रज्ञांच्या मते एक चांगला प्रयोग वाया गेला. मला दोन्ही बाजू कळतात. समितीचे प्रश्न मूर्खपणाचे नव्हते. लष्कराचा पैसा आहे हे आधीच, मोठ्याने, मराठी-हिंदी वृत्तपत्रांत येईल असं सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. या शहराला तर हे कुणी शिकवायची गरज नाही. १८९७ च्या प्लेगात साथ आटोक्यात आणायच्या नावाखाली रँडचे सोल्जर घराघरांत, देवघरापर्यंत घुसले होते. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना गेल्या. जूनमध्ये गणेशखिंड रस्त्यावर चाफेकरांची गोळी सुटली. साथ आटोक्यात आणायला विरोध कुणाचाच नव्हता. विश्वास संपला होता.

पुण्याचा आणखी एक धागा आहे, त्याबद्दल इथे फारसं बोललं जात नाही. कोरेगाव पार्कातला आश्रम सोडून रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेला गेले. ओरेगॉनच्या एका मोठ्या रँचवर शिष्यांनी शहर वसवलं. स्थानिक लोकांशी जमिनीवरून, कायद्यावरून भांडणं लागली. नोव्हेंबर १९८४ ची काउंटीची निवडणूक जिंकायची म्हणून काही पुढाऱ्यांनी बेत केला: त्या दिवशी गावातले मतदार आजारी पाडायचे. रंगीत तालीम सप्टेंबरात झाली. द डॅलेस गावातल्या दहा उपाहारगृहांतल्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळला गेला. ७५१ माणसं आजारी पडली. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

आरोग्य खात्याने तेव्हा काय निष्कर्ष काढला? वाढप्यांनी हात नीट धुतले नाहीत. वर्षभराने, सप्टेंबर १९८५ मध्ये, रजनीशांनी स्वतःच पत्रकार परिषदेत आपली सचिव मा आनंद शीला हिच्यावर आरोप केले, तेव्हा पोलीस आत शिरले आणि आश्रमाच्या प्रयोगशाळेत तोच जंतू सापडला. तो चोरून आणलेला नव्हता. आश्रमाला परवाना असलेली वैद्यकीय प्रयोगशाळा होती, तिने तो पुरवठादाराकडून रीतसर, बिलावर घेतला होता. शीला आणि आश्रमाच्या दवाखान्याची प्रमुख पूजा या दोघींना शिक्षा झाली. १९८७ मध्ये रजनीश पुण्याला परतले. अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्या साथीचा सविस्तर शोधनिबंध १९९७ पर्यंत छापला नाही, कुणी वाचून अनुकरण करेल या धास्तीने. हा प्रश्न या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला पडतो. किती सांगायचं? कोणी, का, कुणापासून लपवून आणि कसं पकडलं गेलं, हे सगळं सांगावं. कृती सांगू नये. माझी रेघ तिथे आहे.

२००१ मध्ये अमेरिकेत पाकिटांतून अँथ्रॅक्स गेला, पाच जण मेले, १७ आजारी पडले. एफबीआयचं बोट शेवटी वळलं ते बाहेरच्या अतिरेक्याकडे नाही, फोर्ट डेट्रिकमधल्या, म्हणजे जुन्या कॅम्प डेट्रिकमधल्या, लष्करी प्रयोगशाळेतल्या ब्रूस आयव्हिन्स या शास्त्रज्ञाकडे. आयव्हिन्सचं काम होतं अँथ्रॅक्सची लस. आरोपपत्राआधीच २००८ मध्ये त्याने आत्महत्या केली. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, त्याच २००१ च्या जुलैमध्ये कराराला तपासणीची जोड देणारा, सहा वर्षं खपून तयार केलेला मसुदा अमेरिकेने नाकारला होता. तो पुन्हा उभा राहिलेला नाही. २०२२ च्या डिसेंबरात कराराच्या नवव्या आढावा परिषदेने एक कार्यगट नेमला, तपासणी हा त्याच्या विषयांपैकी एक.

दरम्यान रखवाली देशादेशांच्या कायद्यांवर आली. सुरक्षा परिषदेचा ठराव १५४० हा २००४ चा. बिगर-सरकारी हातांत अशी अस्त्रं जाऊ नयेत म्हणून प्रत्येक देशाने कायदा करावा, असं त्याने बंधन घातलं. भारताने २००५ मध्ये व्यापक संहाराच्या अस्त्रांबाबतचा कायदा केला. निर्यातीसाठी ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे, तिच्यात जंतू, विषं आणि काही यंत्रंही येतात. रासायनिक-जैविक निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलिया ग्रुपमध्ये भारत जानेवारी २०१८ मध्ये सामील झाला. पुण्याच्या आसपास लशीचे, औषधांचे, किण्वन टाक्यांचे कारखाने आहेत. तिथल्या एक्स्पोर्ट खात्यातल्या माणसाला ही यादी माहीत असते, दिवाळीच्या सुट्ट्यांसारखी.

माझी एक मैत्रीण शहरातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पुण्यात जंतूंचे राष्ट्रीय साठे आहेत, एक राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला लागणारे जंतू अशा ठिकाणांहून येतात, काचेच्या बारीक कुपीत, सुकवलेल्या भुकटीच्या रूपात. मागवायला अर्ज भरावा लागतो. गेल्या वर्षी तिच्या एका विद्यार्थ्याने ‘प्रयोजन’ या रकान्यात एकच शब्द लिहिला: प्रोजेक्ट. जंतू अगदी निरुपद्रवी, दह्यातल्याचा भाऊ म्हणावा असा. तरी मैत्रिणीने सही केली नाही, कागद परत दिला. कुठला प्रोजेक्ट, कुठल्या लॅबमध्ये, कोणाच्या हाताखाली, आणि उरलेलं काय करणार, सगळं लिहून आण म्हणाली. मुलगा कुरकुरला, “मॅडम, एवढं कोण वाचतं?”

ती म्हणाली, “मी वाचते.” दुसऱ्या दिवशी त्याने अर्ज पुन्हा भरून आणला. रकाना छोटा होता, म्हणून मागच्या बाजूला लिहिलं होतं.